पाळीव लावीच्या खाद्यात प्रथिने किती असावीत ?

अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले लावीचे पिल्लू माणसाच्या अंगठ्याच्या पेराएवढे असते. त्याचे वजन जेमतेम सात ग्रॅम भरते. पाचसहा आठवड्यांत तेच पिल्लू दीडशे ग्रॅमच्या पुढे जाते आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास मादी अंड्यावर येते. जन्मतःच्या वजनाच्या वीसपट वाढ एवढ्या थोड्या अवधीत व्हावयाची, तर तिला लागणारी सामग्री खाद्यातूनच आली पाहिजे हे उघड आहे. तथापि हौसेने दहावीस पिल्ले आणणाऱ्या अनेक घरांतून त्यांच्यापुढे तांदळाची कणी किंवा बाजरी टाकली जाते. पक्षी चिमणीएवढा, तेव्हा चिमणीचे खाणे त्याला पुरे, असा हा साधा तर्क असतो. पहिले दोनतीन दिवस पिल्ले दाणे टिपताना दिसतात; मग काही पिल्ले मागे पडतात, पंख विसकटतात, आणि पंधरवड्याच्या आत मरतूक सुरू होते. ‘हवा मानवली नाही’ असे म्हणून तो विषय तेथेच संपविला जातो. पुष्कळदा दोष हवेचा नसतो, ताटाचा असतो.

ग्रामीण भागात लावी पाळण्याची आवड अलीकडे वाढत आहे. जागा थोडी लागते, पक्षी देखणा असतो, शाळेच्या परसात किंवा घराच्या पडवीत एका पिंजऱ्यात आठदहा पक्षी सहज राहतात. म्हणूनच या पक्ष्याच्या आहारातील सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वांत अधिक गैरसमज असलेला भाग, म्हणजे प्रथिनांचे प्रमाण, नीट समजावून घेणे अगत्याचे आहे.

रानातील लावी आणि घरची लावी

प्रथम एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्राच्या माळरानांवर आणि शेतांच्या बांधांवर आढळणाऱ्या लाव्या या वन्य पक्षी आहेत. त्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्यांना पकडणे, पाळणे वा विकणे हा गुन्हा ठरतो. घरोघरी पाळली जाते ती जपानी लावी होय. काही भागांत तिला बटेर असेही म्हणतात. जपानमध्ये हा पक्षी कित्येक शतके त्याच्या आवाजासाठी, म्हणजे केवळ हौसेखातर, पाळला जात असे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे अंड्यांसाठी व मांसासाठी पालन सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात तेथील बहुतेक कळप नाहीसे झाले आणि युद्धानंतर शिल्लक राहिलेल्या थोड्या पक्ष्यांपासून ही पैदास पुन्हा उभी करावी लागली. भारतात जपानी लावी १९७४ साली कॅलिफोर्नियाहून उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथे आणण्यात आली. तेथेच १९७९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने पुढे तिच्या सुधारित जाती तयार केल्या. आज आपल्याकडे जी पिल्ले मिळतात ती बव्हंशी या परंपरेतील आहेत. पिढ्यान् पिढ्या जलद वाढीसाठी आणि भरपूर अंड्यांसाठी निवडलेला हा पक्षी रानातल्या दाण्यांवर गुजराण करू शकत नाही, याचे मूळ या निवडीत आहे. रानातील लावीसुद्धा पिल्लेपणी मुख्यतः किडे, वाळवी, अळ्या यांवर वाढते आणि दाण्यांकडे ती नंतर वळते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

पिशवीवरचा आकडा

खाद्याच्या पिशवीवर ‘कच्ची प्रथिने’ म्हणून एक टक्केवारी छापलेली असते. हा आकडा प्रथिने प्रत्यक्ष मोजून काढलेला नसतो. खाद्यातील नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात; कारण प्रथिनांमध्ये सरासरीने शेकडा १६ भाग नत्र असते. ही रीत सोयीची आहे, परंतु तिच्यात एक पळवाट आहे. नत्र कोठूनही आलेले असले तरी ते प्रथिन म्हणूनच मोजले जाते. खाद्यात युरिया मिसळला तर प्रयोगशाळेतील आकडा वाढतो, पक्ष्याच्या पोटात मात्र काहीच पडत नाही. उलट अपाय होतो. गाई-म्हशींच्या कोठीपोटातील सूक्ष्मजंतू युरियापासून थोडीबहुत प्रथिने बनवितात. पक्ष्याला ती सोय नाही. म्हणून अज्ञात उत्पादकाचे, अति स्वस्त आणि तरीही ‘भरपूर प्रथिनांचे’ म्हणून विकले जाणारे खाद्य संशयास्पद मानावे. शंका आल्यास नमुना तपासून घेण्याबाबत तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा.

कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात सामान्यतः जी खाद्ये मिळतात त्यांपैकी वाढीच्या तलंगांच्या खाद्यात सुमारे १६ टक्के, अंड्यावरील कोंबड्यांच्या खाद्यात १६ ते १८ टक्के आणि मांसल कोंबड्यांच्या लहान पिल्लांच्या खाद्यात २२ ते २३ टक्के प्रथिने असतात. लावीसाठी म्हणून बनविलेले खाद्य मोठ्या शहरांबाहेर क्वचितच मिळते. तेव्हा बहुतेक पाळणाऱ्यांना या तीनचार पिशव्यांतूनच निवड करावी लागते, आणि चूक होते ती येथेच.

वयाप्रमाणे गरज

जपानी लावीच्या पिल्लांसाठी आंतरराष्ट्रीय स्तरावर वापरले जाणारे प्रमाण २४ टक्के आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली कुक्कुटपोषणाची जी कोष्टके प्रसिद्ध केली त्यांत वाढीच्या लावीस २४ टक्के आणि प्रजननक्षम, म्हणजे अंड्यावरील, लावीस २० टक्के प्रथिने सांगितली आहेत. दोन्ही वेळा खाद्याच्या एका किलोत २,९०० किलोकॅलरी चयापचयी ऊर्जा गृहीत धरलेली आहे. आपल्याकडील शिफारशींत पहिल्या तीन आठवड्यांसाठी २७ टक्क्यांपर्यंतचा आणि चौथ्या ते सहाव्या आठवड्यासाठी २४ टक्क्यांचा आकडा आढळतो. या दोहोंत विरोध आहे असे मानण्याचे कारण नाही. कच्च्या मालाची प्रत जेथे दर खेपेस बदलते तेथे थोडा अधिक आकडा धरणे शहाणपणाचे ठरते. व्यवहारात पहिल्या तीन आठवड्यांत २४ ते २७, पुढे अंड्यावर येईपर्यंत २२ ते २४, आणि अंडी चालू असताना २० टक्क्यांच्या आसपास, असे धोरण ठेवल्यास फारशी चूक होत नाही.

अंडी न देणारे प्रौढ पक्षी ही एक वेगळीच गोष्ट आहे. केवळ आवाजासाठी ठेवलेले नर, वय झालेल्या माद्या किंवा हिवाळ्यात अंडी थांबलेल्या माद्या यांची वाढ संपलेली असते आणि अंड्यासाठी काही द्यावयाचे नसते. त्यांना शरीर राखण्यापुरती, म्हणजे १६ ते १८ टक्के प्रथिने पुरतात. विक्रीसाठी पाळणाऱ्याकडे असे पक्षी फार दिवस राहतच नाहीत, त्यामुळे व्यावसायिक पुस्तिकांत त्यांचा उल्लेख नसतो. हौशी पाळणारा मात्र त्या पुस्तिका वाचून वर्षभर सर्वांना २४ टक्क्यांचे खाद्य घालतो आणि पैसे व पक्षी दोन्ही बिघडवितो.

अंड्यावरील मादीची गरज एवढी का, हे साध्या हिशोबावरून दिसते. लावीचे अंडे सुमारे ११ ग्रॅमचे आणि मादी १८० ग्रॅमची धरली, तर अंडे तिच्या वजनाच्या सहा टक्के होते. दीड किलोच्या कोंबडीचे ५५ ग्रॅमचे अंडे तिच्या वजनाच्या चार टक्क्यांहूनही कमी असते. लावी दिवसाला सुमारे २५ ग्रॅम खाद्य खाते. वीस टक्क्यांच्या खाद्यातून तिला ५ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्यांतील सव्वा ग्रॅमहून अधिक एका अंड्यातच जातात. उरलेल्यांतून पचनातील घट, पिसे आणि शरीराची रोजची झीज भागवायची असते. हेच खाद्य १४ टक्क्यांचे असेल तर मिळकत साडेतीन ग्रॅमवर येते. मादी लगेच मरत नाही. ती प्रथम अंडे लहान करते, मग एक दिवस सोडून देऊ लागते, मग थांबते. पाळणारा त्या वेळी औषधाच्या शोधात असतो.

टक्के तेच, गुण वेगळा

प्रथिन हा एकच एक पदार्थ नव्हे. तो सुमारे वीस अमिनो आम्लांच्या साखळ्यांनी बनलेला असतो आणि त्यांतील कित्येक आम्ले पक्ष्याला स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाहीत. जुन्या छापखान्यात एखाद्या अक्षराचे खिळे संपले की बाकीच्या अक्षरांचे ढीग पडून असले तरी पान जुळत नसे. तसाच हा प्रकार आहे. लायसिन किंवा मेथिओनिन कमी पडले की उरलेल्या प्रथिनांचा उपयोग वाढीसाठी होत नाही. ती जाळली जातात आणि त्यांतील नत्र विष्ठेवाटे बाहेर पडते.

आपल्याकडील पेंडींचा विचार या दृष्टीने करणे उद्बोधक आहे. भुईमुगाच्या पेंडीत प्रथिने भरपूर असतात, पण लायसिन आणि मेथिओनिन दोन्ही कमी. तिळाच्या पेंडीत मेथिओनिन चांगले, लायसिन कमी. सोयाबीनच्या पेंडीत लायसिन उत्तम, मेथिओनिन मात्र तोकडे. मक्यात प्रथिने मुळातच नऊ टक्क्यांच्या आसपास, आणि त्यांतही लायसिन फार थोडे. म्हणून केवळ मका आणि भुईमूग पेंड यांचे मिश्रण कागदावर २४ टक्के भरले तरी पिल्लू वाढत नाही. सोयाबीन व तीळ यांची जोड किंवा सोयाबीनबरोबर थोडी मासळीची भुकटी असेल तर तेवढ्याच टक्क्यांत काम होते. राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या कोष्टकात पिल्लांसाठी लायसिन १.३० टक्के आणि मेथिओनिन ०.५० टक्के सांगितले आहे. चोवीस हा आकडा या दोन आकड्यांशिवाय अपुरा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

स्थानिक मालाविषयी तीन इशारे येथेच देणे इष्ट ठरेल. विदर्भात आणि मराठवाड्यात सोयाबीन घरचेच असते, त्यामुळे ते कच्चे दळून पक्ष्यांना घालण्याचा मोह होतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात. ते उष्णतेने नष्ट होतात. तेल काढलेल्या पेंडीवर कारखान्यात ही प्रक्रिया झालेली असते, शेतातून आणलेल्या दाण्यावर नाही. दाणा नीट भाजल्याशिवाय वापरू नये. दुसरी गोष्ट सरकीच्या पेंडीची. दुभत्या जनावरांसाठी ती घरोघर असते, पण तिच्यातील गॉसिपॉल हे द्रव्य पक्ष्यांना बाधते आणि अंड्यातील बलकाचा रंगही बिघडवते. लावीच्या खाद्यात तिला स्थान नसावे. तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पावसाळ्यात दमट जागी ठेवलेल्या भुईमुगाच्या पेंडीवर आणि मक्यावर जी बुरशी येते ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात मेले, तेव्हा शोधाअंती दोष भुईमुगाच्या पेंडीत सापडला आणि त्यातूनच या विषाची ओळख जगाला झाली. बुरशी पुसून किंवा पेंड उन्हात वाळवून हे विष जात नाही. कुबट वास येणारी पेंड फेकून देणे हाच उपाय आहे.

कमी तेही वाईट, अधिक तेही

प्रथिने जितकी अधिक तितके बरे, हा समजही सोडला पाहिजे. जास्तीची प्रथिने साठत नाहीत. त्यांतील नत्र युरिक आम्लाच्या रूपाने मूत्रपिंडांना बाहेर टाकावे लागते. त्यासाठी पक्षी अधिक पाणी पितो, विष्ठा पातळ होते, खालची भुशाची गादी ओली राहते आणि तिच्यातून अमोनिया सुटतो. सकाळी पिंजऱ्याजवळ वाकल्यावर डोळे चुरचुरले तर पक्ष्यांचे डोळे आणि फुप्फुसे रात्रभर काय सोसत असतील याची कल्पना करता येईल. पडवीत किंवा वर्गाशेजारी पिंजरा ठेवणाऱ्यांच्या दृष्टीने ही बाब दुय्यम नव्हे.

उन्हाळ्याचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. पक्षी मुख्यतः ऊर्जेच्या गरजेनुसार खातो. पारा चढला की खाणे घटते आणि त्याबरोबर प्रथिनेही घटतात. अशा वेळी प्रथिनांची टक्केवारी भराभर वाढविणे हा उपाय सुचतो. परंतु जादा प्रथिने जाळताना शरीरात अधिक उष्णता निर्माण होते आणि विदर्भातील वैशाखात पक्ष्याला नको असते ती नेमकी हीच. त्यापेक्षा टक्केवारी फारतर एकदोन अंकांनी वाढवून मेथिओनिन व लायसिनची उणीव भरून काढावी, आणि खाद्य पहाटे व सायंकाळी, गारव्याच्या वेळी, द्यावे. पाणी दिवसभर थंड ठेवावे. हिवाळ्यात उलट घडते. थंडीत पक्षी अधिक खातो, त्यामुळे त्याच टक्केवारीतून त्याला अधिक प्रथिने मिळतात.

घरच्या घरी हिशोब

शंभर किलो पिल्लांचे खाद्य बनवायचे असल्यास पुढील प्रमाण उदाहरणादाखल घेता येईल. मक्याचा बारीक भरडा ४७ किलो, तेल काढलेली सोयाबीन पेंड ४२ किलो, चांगल्या प्रतीची मासळीची भुकटी ५ किलो, खाद्यतेल २ किलो आणि खनिजे, जीवनसत्त्वे व मीठ मिळून ४ किलो. मक्यात ९, सोयाबीन पेंडीत ४५ आणि मासळीत ५० टक्के प्रथिने धरली तर अनुक्रमे ४.२, १८.९ आणि २.५ मिळून सुमारे २५.६ टक्के प्रथिने होतात. ऊर्जा किलोला २,८०० किलोकॅलरीच्या जवळ जाते. लायसिन पुरेसे भरते, मेथिओनिन मात्र ०.४१ टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणून शंभर किलोस सुमारे १०० ग्रॅम मेथिओनिन वेगळे मिसळावे लागते. अंड्यावरील माद्यांसाठी मका ५४, सोयाबीन पेंड ३२, मासळी ३, तेल २, शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडी ६ आणि खनिजे-जीवनसत्त्वे ३ किलो घेतल्यास प्रथिने २० ते २१ टक्के आणि कॅल्शियम अडीच टक्क्यांच्या वर राहते. मासळीच्या भुकटीत वाळू आणि मीठ यांची भेसळ फार होते. मूठभर भुकटी पाण्यात ढवळून तळाशी काय बसते ते पाहण्याची सवय ठेवावी.

दहावीस पक्षी असणाऱ्याने शंभर किलोच्या भानगडीत पडू नये. त्याच्यासाठी तयार खाद्यात सोयाबीन पेंड मिसळण्याची रीत सोपी आहे. मांसल कोंबड्यांच्या पिल्लांचे २२ टक्क्यांचे खाद्य ९ भाग आणि ४५ टक्क्यांची सोयाबीन पेंड १ भाग एकत्र केली की मिश्रणात सुमारे २४ टक्के प्रथिने होतात. हे झाले पिल्लांचे. अंड्यावर आलेल्या माद्यांसाठी अंड्यावरील कोंबड्यांचे १७ टक्क्यांचे खाद्य ९ भाग आणि सोयाबीन पेंड १ भाग घेतली की जवळपास २० टक्के भरतात. पिशवीवर १६ टक्के छापलेले असेल तर पेंडीचे प्रमाण शेकडा १३ पर्यंत न्यावे. याने खाद्यातील कॅल्शियमही फारसे घटत नाही.

या दोन पिशव्यांची अदलाबदल मात्र कदापि करू नये. अंड्यावरील कोंबडीच्या खाद्यात कवचासाठी तीन टक्क्यांहून अधिक कॅल्शियम असते. ते लहान पिल्लांना घातल्यास एकीकडे प्रथिने अपुरी पडतात आणि दुसरीकडे जादा कॅल्शियमने मूत्रपिंडे निकामी होतात. ‘कोंबडीचेच खाद्य आहे, काय होते’ या एका वाक्याने जेवढी पिल्ले दगावतात तेवढी कदाचित मांजरांनीही नेली नसतील. याच्या उलट, मांसल कोंबड्यांच्या खाद्यात पुष्कळदा रक्ती हगवणीवरील औषधे आधीच मिसळलेली असतात. ज्यांची अंडी घरात खाल्ली जातात अशा माद्यांना ते खाद्य चालू ठेवणे योग्य नाही. पिशवीवरील बारीक अक्षरांत याचा उल्लेख असतो, तो वाचावा.

काही हौशी मंडळी पिल्लांना उकडलेले अंडे कुस्करून घालतात. ही प्रथा वाईट नाही. अंड्याच्या खाण्याजोग्या भागात पाणीच तीन चतुर्थांश असल्याने त्यातील प्रथिने १२-१३ टक्के दिसतात, पण कोरड्या वजनावर मोजल्यास ती निम्म्याच्या आसपास जातात. अट एवढीच की तासाभरात उरलेले उचलून टाकावे, नाहीतर उन्हाळ्यात ते नासते. पालेभाजी, अळ्या, वाळवी हे पदार्थ चोचल्यापुरते द्यावेत. ज्वारी, बाजरी, राळा यांत प्रथिने दहाबारा टक्क्यांच्या आतबाहेर असतात. चांगल्या खाद्यावर मूठमूठ धान्य रोज टाकले तर वर केलेला सगळा हिशोब खाली येतो. पक्षी धान्य आवडीने खातो, त्यामुळे पाळणाऱ्याला आपण त्याचे कौतुकच करीत आहोत असे वाटते.

तागडी हीच परीक्षा

प्रथिने पुरतात की नाही हे पक्ष्याकडे पाहून ओळखण्याचा प्रयत्न सगळेच करतात. पिल्लांच्या आकारात तफावत, पिसे उशिरा येणे, एकमेकांना टोचणे, अंडी लहान पडणे ही लक्षणे खरीच. परंतु पिल्लांना ऊब कमी पडली, गर्दी झाली किंवा पाण्याचे भांडे कोरडे राहिले तरीही हीच लक्षणे दिसतात. पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७ अंश सेल्सिअस ऊब नसेल तर उत्तम खाद्यही वाया जाते; पिल्लू खाण्याऐवजी गोळा होऊन बसते. म्हणून अंदाजापेक्षा तागडी बरी. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी पाचसहा पिल्लांचे वजन करून सरासरी काढावी. पहिल्या आठवड्याअखेर वजन जन्माच्या वजनाच्या तिपटीजवळ पोहोचले तर खाद्य आणि ऊब दोन्ही मार्गावर आहेत असे समजावे. ज्या शाळांत लाव्या पाळल्या आहेत तेथील शिक्षकांना हा आलेख मुलांकडून फळ्यावर काढून घेता येईल. सरासरी, शेकडेवारी आणि गुणोत्तर हे तिन्ही धडे त्यात येतात, आणि मुले पक्ष्याचे वजन विसरत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात छातीची पिसे पाहून नरमादी ओळखता येतात: नराची छाती सलग तांबूस, मादीची ठिपकेदार. त्यानंतर दोघांचे वजन वेगळे लिहावे, कारण या जातीत मादी नरापेक्षा जड असते.

खाद्याच्या खर्चाची धास्ती पुष्कळ वेळा अनाठायी असते. पहिल्या तीन आठवड्यांत एक पिल्लू सर्व मिळून दोनशे ग्रॅमच्या आसपास खाद्य खाते. म्हणजे वीस पिल्लांना चारपाच किलो. एवढ्याशा खाद्यात काटकसर करण्यासारखे काहीच नाही, आणि आयुष्यातील सर्वांत मोठी गरज याच तीन आठवड्यांत असते. खरी अडचण निराळी आहे. वीस प्रौढ पक्षी दिवसाला अर्धा किलो, महिन्याला पंधरा किलो खातात. दुकानात मात्र पन्नास किलोची पिशवी मिळते. ती तीन महिने पुरते आणि तोवर, विशेषतः पावसाळ्यात, तिच्यातील जीवनसत्त्वे घटतात आणि बुरशीची भीती वाढते. तीनचार घरांनी किंवा बचत गटाने मिळून एक पिशवी घेऊन वाटून घेणे हा यावरचा सोपा तोडगा आहे. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी अशा घरांची नुसती गाठ घालून दिली तरी पुरे. त्यासाठी योजना वा अनुदान लागत नाही. पिशवी जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी आणि उघडल्यावर साधारण महिन्याभरात संपवावी.

लहान पिल्लांच्या बाबतीत खाद्याचा भरडाही पाहिला पाहिजे. मोठे कण राहिले तर पिल्लू ते सोडून देते किंवा फक्त मक्याचे तुकडे वेचून खाते आणि पेंडीची भुकटी तळाशी राहते. मग पिशवीतले २४ टक्के पिल्लाच्या पोटात जाताना १५-१६ होतात. खाद्य बारीक चाळणीने चाळून घ्यावे, जाड भाग पुन्हा कुटावा, आणि भांड्यात नवे खाद्य टाकण्यापूर्वी तळाचे संपू द्यावे. पाण्याच्या थाळीत गोट्या किंवा खडे टाकून ठेवावेत. एवढीशी पिल्ले बोटभर पाण्यातही बुडतात.

एका खाद्यावरून दुसऱ्यावर नेताना चारपाच दिवस दोन्हींचे मिश्रण द्यावे. पहिल्या अंड्याची वाट पाहत न बसता सहाव्या आठवड्यातच माद्यांना अंड्यावरचे खाद्य सुरू करावे, म्हणजे कवचासाठी लागणारे कॅल्शियम हाडांतून काढले जात नाही. लावी बहुधा दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत अंडे देते, तेव्हा शिंपल्यांच्या चुऱ्याची वेगळी वाटी दिवसभर भरलेली असावी. दिवस लहान होऊन प्रकाश चौदा तासांहून बराच कमी झाला की दिव्याची सोय नसलेल्या घरांत अंडी मंदावतात आणि मार्गशीर्षापर्यंत बहुधा थांबतात. हा रोग नव्हे. त्या काळात माद्यांनाही नरांप्रमाणे १६ ते १८ टक्क्यांचे खाद्य द्यावे, त्यात जादा कॅल्शियम नसेल असे पाहावे, आणि दिवस वाढू लागून पहिले अंडे सापडले की पुन्हा वीस टक्क्यांवर यावे.